जावईबापूंना झोपू द्यायचं नाही

कोल्ड स्टोरेजमध्ये काम करणाऱ्या माणसाला थंडोबा म्हणायला फार डोकं लागत नाही. पण ह्या माणसाचं ते नाव नोकरीच्या कितीतरी आधीचं, आणि ते पाडलं होतं त्याच्या सख्ख्या बहिणीनं. लहानपणी आईनं जेवायला हाक मारली की हा "आलो" म्हणायचा आणि ताटातलं सगळं निवल्यावर उगवायचा. "आपल्या घरात हा एक थंडोबा जन्माला आलाय," ताई म्हणाली, आणि जे चिकटलं ते चिकटलं. पुढे नोकरी मिळाली तीही कोल्डमध्येच. नशिबाला कधी कधी विनोद सुचतो, आपण हसून घ्यायचं.

लग्न त्यानं केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचा, "बघू." बघू बघू म्हणता म्हणता डोक्यावरचे केस गेले. ताईचं लग्न झालं होतं, पण ते टिकलं नाही. ती एक ट्रंक घेऊन भावाच्या दारात उभी राहिली, त्यानं ट्रंक उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली, आणि त्या विषयावर दोघं पुढे जन्मात एक अक्षर बोलली नाहीत. न बोलता इतकं समजणारी भावंडं मी तरी फार पाहिली नाहीत.

बाकी विषयांवर मात्र ताई बोलायची. अहो, किती बोलायची! आतल्या खोलीच्या खिडकीशी बसून भाजी निवडायची आणि गल्लीपलीकडच्या शिवणवाल्या काकूंशी गप्पा हाणायची. काकूंचं मशीन त्यांच्या खिडकीला लागूनच, त्यामुळे मध्ये गल्ली असली तरी दोघी एकाच ओसरीवर बसल्यासारख्या. संध्याकाळ झाली की ताई दिवा लावायची. थंडोबा गल्लीच्या तोंडाशी आला की वर बघायचा, खिडकीत उजेड दिसला की पाय उचलायचा. घराची किल्ली त्यानं कधी जवळ बाळगलीच नाही. दारावर दोनदा टकटक करायचा, आतून यायचं, "आले रे, आले, दार मोडू नकोस!" आणि दार उघडायचं.

ताईचं एक कासव होतं. कुणीतरी घर बदलताना मागे सोडून गेलेलं, हिनं उचलून आणलं. त्याचं नाव तिनं ठेवलं जावईबापू. का, तर बसवलं तिथं बसून राहतात, जरा मनाविरुद्ध झालं की मान आत घालून रुसतात, दहा वेळा मिनतवारी केल्याशिवाय पानाला तोंड लावत नाहीत, आणि काकडी दिसली की सगळी लाज गुंडाळून धावतात. "मला लेक नाही, पण जावई बसल्या जागी मिळाला," ती म्हणायची. हिवाळा लागला की ती जावईबापूंना वाळक्या पानांच्या खोक्यात घालून पलंगाखाली ठेवायची. ते महिनोन्‌महिने झोपायचे, आणि ऊन तापलं की डोळे चोळत बाहेर यायचे. थंडोबाला ह्याचा हेवा वाटायचा, असं तो एकदा म्हणालाही होता.

आता त्याच्या कामाचं थोडं सांगायला हवं. कोल्डमध्ये एक खोली बटाट्यांची, एक सफरचंदांची, एक लोण्याची. ह्यानं दिवसभर खोल्या फिरायच्या, तापमानाचा काटा बघायचा, पोती हलवायची, दारं नीट लागलीत ना ते बघायचं. थंडीनं त्याच्या बोटांची कातडी अशी झाली होती की गरम कप हातात धरला तरी त्याला आधी चव कळायची आणि मग चटका. जुना मुकादम कडक होता. त्याचा एकच धडा होता: "गार खोलीत जळता बल्ब म्हणजे चूल. चूल पेटती ठेवून कोणी घराबाहेर जातं का?" जो दिवा न मालवता खोलीबाहेर पडेल त्याच्या हातावर लाकडी पट्टी बसायची. थंडोबाला ती एकदाच बसली, दुसऱ्यांदा मारायची वेळच आली नाही. पुढे मुकादम गेला, पट्टी गेली, थंडोबा स्वतः म्हाताऱ्यांत जमा व्हायला आला.

ताई गेली ती उन्हाळा सरता सरता. चार दिवसांचं दुखणं, बस. तिच्या खोलीतली ट्यूबही त्याच सुमारास फडफडून गेली.

थंडोबा रडला नाही. लोकांनी पुष्कळ वाट पाहिली. कोणी पाठीवर हात ठेवून उभं राहिलं, आता फुटेल, मग फुटेल. हा त्यांना विचारत होता, "चहा घेणार का?" एक चुलतवहिनी मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दगड आहे नुसता." म्हणू देत. त्याला तेही लागलं नाही. खरं सांगायचं तर त्याला काही वाटतच नव्हतं. बोटांचं जे झालं होतं तेच आतपर्यंत गेलं होतं, एवढंच. सगळी गेल्यावर त्यानं आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि कामावर हजर झाला. कोल्डमध्ये विचारलं, इतके दिवस कुठे होता? म्हणाला, "घरी जरा काम होतं." ताई गेली, हे दोन शब्द त्याच्या तोंडून कोणीच ऐकले नाहीत.

ह्या गडबडीत जावईबापूंकडे कोण बघणार? ते स्वयंपाकघरात, ओल्या मोरीशेजारी पडून होते. एक दिवस शिवणवाल्या काकू डबा घेऊन आल्या आणि ओरडल्याच. "अरे थंडोबा, हे बघ जरा! नाकातून बुडबुडे काढतायत तुझे जावईबापू!"

प्राण्यांची डॉक्टरीण तरुण होती आणि तिला फालतू बोलायची सवय नव्हती. तिनं कासवाला उलटंसुलटं करून पाहिलं, काट्यावर ठेवलं, नाक पुसलं. औषध दिलं. मग म्हणाली, "छातीत सर्दी उतरली होती, ती औषधानं जाईल. पण अंगात काही शिल्लक नाही ह्याच्या. यंदा ह्याला झोपू द्यायचं नाही. हे असं रिकाम्या पोटी झोपलं तर उठणार नाही. कळलं ना?"

"झोपू द्यायचं नाही," थंडोबा म्हणाला.

"नुसतं जागं ठेवून चालणार नाही, उबेत ठेवायचं. एका टोकाला मोठा बल्ब लावा, दिवसभर जळू दे. रात्री बंद करा, पण खोली गार पडू देऊ नका. सकाळी कोमट पाण्यात बसवा, त्यानं ते जागं होईल, पाणी पिईल. मग खायला घाला. मग चालू दे खोलीभर. कासव कोणाचं? तुमचं?"

"ताईचं."

"त्या नाही आल्या?"

"घरी नाही ती."

"बरं, त्यांना विचारून सांगा, आवडीनं काय खातं ते."

"विचारतो," थंडोबा म्हणाला, आणि कासव कापडात गुंडाळून निघाला.

कुठल्या खोलीत ठेवायचं हा प्रश्नच नव्हता. लहान, दुपारच्या उन्हाची आणि ऊब धरणारी अशी घरात एकच खोली होती. थंडोबानं दार उघडलं. ट्रंक, पलंग, खिडकीशी भाजी निवडायचा पाट. त्यानं पाट बाजूला केला आणि तिथं लाकडी खोकं मांडलं, खाली गोणपाटाच्या घड्या, खिडकीच्या फटीत चिंध्या. गार ठेवण्यात ज्याचा जन्म गेला त्याला ऊब कशी पळते हे शिकवायला नको. गेलेल्या ट्यूबच्या वायरीवरच त्यानं डॉक्टरणीनं सांगितलेला मोठा बल्ब जोडला आणि खोक्याच्या एका टोकावर टांगला. बटण जुनंच, दाराशेजारी.

कोल्डमधल्यांना बातमी लागली तेव्हा त्यांना हसू आवरेना. "थंडोबा उबवतोय! अरे, इकडे आण की त्यांना, बटाट्याशेजारी जागा करतो." थंडोबाही त्यांच्याबरोबर हसला, म्हणजे तोंड हसल्यासारखं केलं.

रोज सकाळी तो उठायचा, दिवा लावायचा, पसरट घमेल्यात पाणी घ्यायचा. बोटांना कोमट-गरम कळत नाही म्हणून कोपर बुडवून बघायचा. जावईबापूंना त्यात बसवायचा. ते मान लांब करून दोन घोट घ्यायचे आणि त्याच्याकडे असं बघायचे की जणू ह्यानंच ताईला कुठंतरी पाठवून दिलंय. मग तो त्यांना पुसून बल्बखाली ठेवायचा, समोर कोवळा पाला, काकडीच्या चकत्या. आणि कामावर. संध्याकाळी येऊन बघावं तर पाला तसाच, कडेनं सुकलेला, आणि जावईबापू कोपऱ्यात तोंड खुपसून. मग रात्रीपर्यंत थोडी हालचाल व्हायची, एखादं पान हुंगायचे, तोवर दिवा मालवायची वेळ.

हिवाळा चढत गेला. जावईबापूंचे डोळे दिवसेंदिवस अर्धेच उघडायला लागले. डॉक्टरणीनं काट्यावर ठेवलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"बल्ब दिवसभर असतो ना?"

"असतो."

"नक्की?"

"मी स्वतः लावतो, स्वतः मालवतो."

ती जरा वेळ कासवाचा पाय बोटानं ओढून बघत राहिली. तो पाय हळूच आत गेला, फार हळू. "हे झोपलेलंही नाही आणि जागंही नाही," ती म्हणाली. "पुरती थंडी असती तर अंगातलं जपून तरी वापरलं असतं. पुरती ऊब असती तर खाल्लं असतं. ह्या मधल्या अवस्थेत ते स्वतःलाच खातंय. असंच चाललं तर हा हिवाळा काही काढत नाही."

हे मात्र थंडोबाला लख्ख कळलं. बटाट्याच्या खोलीचं यंत्र एकदा धड चालत नव्हतं, धड बंद नव्हतं, तेव्हा त्यानं ते पाहिलं होतं. वरून पोती चांगली. आत बटाट्यांना कोंब फुटलेले आणि अंग सुरकुतून गेलेलं. घरी परतताना कापडातलं ओझं त्याला पूर्वीपेक्षा हलकं लागलं. ताईची एवढी एकच वस्तू घरात श्वास घेत होती, आणि ती त्याच्या हातात संपत चालली होती, आणि त्याला त्याचंही धड वाईट वाटत नव्हतं. मी दगडच असेन, तो मनाशी म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी शिवणवाल्या काकू चौकशीला आल्या. खोक्यात डोकावून चुकचुकल्या.

"झोपू दे की रे बिचाऱ्याला. कशाला छळतोस?"

"झोपले तर उठायचे नाहीत, काकू. पण काय चुकतंय तेच कळत नाही. दिवसभर दिवा जळतो, तरी अंग गारच."

"दिवसभर?" काकू सरळ झाल्या. "कुठला दिवसभर?"

"म्हणजे? सकाळी लावतो तो रात्रीच मालवतो."

"थापा मारू नकोस. सकाळी आधी ही खिडकी काळी होते आणि मग तू खाली गल्लीत दिसतोस. संध्याकाळी तू वर आलास की उजेड. मी अख्खा दिवस समोर बसलेली असते. मला वाटलं, डॉक्टरणीनंच तसं सांगितलंय."

"काहीतरीच काय बोलता! मी कशाला मालवीन? मला काय वेड लागलंय?"

"ते मला काय माहीत? मी दिसतं ते सांगते."

"तुमच्या डोळ्यांना दिसत नसेल! दिवसा बल्ब काय कळतो लांबून?"

काकूंना आयुष्यात कोणी काहीही म्हणावं, डोळ्यांवरून बोलायचं नाही. "ह्या डोळ्यांनी अजून सुईत दोरा ओवते मी, चष्म्याशिवाय!" त्या उठल्याच. दारातून वळून म्हणाल्या, "उद्या सकाळी खिडकी उघडी ठेव. मी बघते, आणि तुलाही दाखवते."

दुसऱ्या दिवशी थंडोबानं सगळं रोजच्यासारखं केलं. दिवा, घमेलं, कोपर, दोन घोट, पुसणं, पाला. समोरच्या खिडकीत काकू हातातली कात्री तशीच धरून उभ्या. थंडोबाला जरा हसूच आलं. म्हातारी हट्टाला पेटली होती. त्यानं पिशवी खांद्याला लावली, जावईबापूंना "येतो" म्हणाला आणि खोलीबाहेर पाऊल टाकलं.

"थांब!" गल्लीपलीकडून काकू कडाडल्या. "हालू नकोस! हात बघ! तुझा हात बघ, मेल्या!"

थंडोबानं हात बघितला. उजवा हात. तो बटणावर होता. बटण बंद झालं होतं आणि खोलीत सकाळचा पांढुरका, गार उजेड तेवढा उरला होता.

तो बघतच राहिला. हात आपला, बोटं आपली, आणि आपल्याला पत्ता नाही. खोलीबाहेर पडायचं म्हणजे दिवा मालवायचा. मुकादमाची पट्टी हाताला अजून पाठ होती. रोज सकाळी बाहेर पडताना मालवलेला दिवा रोज संध्याकाळी आत येताना त्याच हातानं लावला होता. अंधाऱ्या खोलीत शिरताना माणूस दिवा लावतोच, त्यात विचार कसला करायचा? आणि विचार करण्याएवढा तो जागा तरी कुठे होता इतके महिने!

 ताईच्या पलंगावर तो बसला. भीती वाटली त्याला, खरीखुरी. कितीतरी दिवसांत त्याला वाटलेली ही पहिलीच गोष्ट.

"मी मारत होतो त्यांना, काकू," तो खिडकीकडे बघून म्हणाला. "रोज आंघोळ घालून, पुसून मारत होतो."

"मेले नाहीत ना अजून?" काकू ओरडल्या. "मग बसतोस काय रडतराऊतासारखा! लाव दिवा!"

त्यानं दिवा लावला. पण हाताचा भरवसा काय? पिशवीत कोल्डचा जुना जाड हातमोजा होता, तो त्यानं बटणावर उपडा घातला आणि चिकटपट्टीनं चहूबाजूंनी गच्च बांधून टाकला. मग खिडकी लावून, हात खिशात कोंबून, पाठ फिरवून, उधारी बुडवून पळणाऱ्या माणसासारखा तो घराबाहेर पडला. गल्लीत उतरल्यावर वर बघायचं धाडस झालं नाही. काकूंनीच वरून सांगितलं, "आहे रे आहे! जा आता!"

तो दिवस त्याला फार जड गेला. पेटती चूल मागे ठेवून आल्यासारखं वाटत होतं. लोण्याच्या खोलीत त्यानं एकाच पोत्याची... नाही, पोती नव्हेत, तिथं खोकी असतात, तर एकच खोकं दोनदा उचलून परत तिथंच ठेवलं, तेव्हा सोबतचा म्हणाला, "काय थंडोबा, आज काय गरम झालंय?" निघायच्या वेळी बटाट्याचं एक पोतं फाटलं, ते भरून शिवेस्तोवर अंधार पडला.

गल्लीच्या तोंडाशी तो आला तेव्हा गारठा चांगलाच उतरला होता. त्यानं मान वर केली. खिडकीत उजेड होता. पिवळा, भरपूर, खालच्या भिंतीवर सांडलेला.

पाय आपोआप उचलले गेले. उशीर झालाय, ती ओरडणार. सांगू, पोतं फाटलं म्हणून, नाहीतर केव्हाच आलो असतो. जिना त्यानं भराभर चढला, दम लागला तरी थांबला नाही. दाराशी आला, आणि दोनदा टकटक केलं.

आणि उभा राहिला. पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. पाय पुसले. तिला गुडघ्यांमुळे उठायला वेळ लागायचा.

आतून काही आलं नाही.

हल्ली किल्ली त्याच्याच खिशात असायची. ती त्याच्या हाताला लागली आणि हाताला गार लागली. बोटांना कळलं, ती किती गार होती ते. तरी तो दारासमोर तसाच उभा होता, कारण किल्लीनं दार उघडायचं म्हणजे आत कोणी नाही, आणि ते त्यालाच उघडून बघावं लागणार होतं.

तेवढ्यात आत खडखडलं. लाकडावर काहीतरी आपटत होतं, थांबत होतं, पुन्हा आपटत होतं.

त्यानं दार उघडलं. आतली खोली उन्हात ठेवल्यासारखी ऊबदार झाली होती. पाला अर्धा खाल्लेला, काकडीचं नाव नाही. जावईबापू मान ताणून, पुढचे दोन्ही पाय फळीवर चढवून, खोक्याबाहेर पडायच्या खटपटीत होते. डोळे टक्क उघडे. थंडोबाला पाहून ते थबकले आणि त्याच्या मागे, दाराकडे, बघायला लागले.

थंडोबा पिशवीसकट खाली बसला. त्यांना उचलून त्यानं मांडीवर घेतलं. पाठ गरम होती.

"नाही येणार ती," तो म्हणाला. "ताई गेली, जावईबापू. आपली ताई गेली."

मग तो रडला. तोंड लपवलं नाही, आवाज दाबला नाही, लहान मूल रडतं तसा भोकाड पसरून रडला. समोरच्या खिडकीतलं मशीन थांबलं, आणि बराच वेळ पुन्हा सुरू झालं नाही.